काठ कसला आहे, विहीणबाई?

अहो विहीणबाई, हे काही तुम्ही बरं केलं नाहीत. जाणं कुणाच्या हातात नसतं, ते मला कळतं. त्याबद्दल मी रडून घेतलंय, आणखीही रडेन. पण जाताना माझ्या डोक्याला हा जो भुंगा लावून गेलात, त्याचं मी काय करू? भाजीत मीठ दोनदा पडतंय. परवा दूधवाल्याला दारातच विचारलं, "दिसला का?" तो बिचारा मागे वळून बघायला लागला.

तुमचे दिवस झाले आणि मी डोंबिवलीहून पुन्हा वर्तकनगरला तुमच्या घरी गेले. मुग्धा एकटी होती. निखिल रजा संपली म्हणून नैरोबीला परत गेलाय, ही अजून थोडे दिवस आहे. तुमची लेक, माझी सून. तुम्हाला 'आई' म्हणायची आणि मला 'अहो आई'. तुम्ही होतात तोवर कोणी ओ द्यायची ह्यात कधी गोंधळ झाला नाही. आता ती कपाटाशी बसून स्वतःशीच 'आई गं' म्हणाली तरी मला गलबलून येतं. तर ती तुमचं कपाट आवरत होती आणि तुमची दुर्बीण निघाली. तोच तो पट्टा, फॉलच्या उरलेल्या कापडाचा तुम्ही शिवलेला. मी म्हटलं, "ही जपून ठेव हं. ह्यातून तुझ्या आईने आफ्रिका बघितलीय."

मुग्धाने दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "अहो आई, एक सांगू? रागावू नका. त्या ट्रिपला आईला लांबचं धड दिसतच नव्हतं."

"म्हणजे?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन आधीच सांगितलेलं. ती म्हणाली, आल्यावर करीन. मला शपथ घातलेली, विहीणबाईंना सांगायचं नाही म्हणून."

"का पण?"

"तुम्ही एकट्या गेला नसतात ना. आम्ही बुकिंग करून बसलेलो. आणि गेला असतात तरी, आई नंतर म्हणायची, माझे हाल बघून त्या सफारीच्या ट्रकवाल्याशी भांडून अर्ध्या वाटेतून परत आला असतात."

ते खरं आहे, आले असते. पण मला आधी राग आला, खरं सांगते. माणूस जाऊन पंधरवडा झाला नाही आणि मी त्याच्यावर रागावले. चहा तसाच ठेवून उठले, गॅलरीत जाऊन उभी राहिले. मुग्धाला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते हो, मी तुमच्याशी भांडत होते. कारण नियम तुमचा होता. मी केला नव्हता. तुम्ही केलात, मला पाळायला लावलात, आणि मोडलात तुम्ही.

आठवतं ना? कल्याणच्या हॉलमध्ये पोरांचा साखरपुडा होता. मुलीकडचे मुलाच्या आईला शोधतायत, मुलाकडचे मुलीच्या आईला, आणि आपण दोघी मागच्या गॅलरीत. बाहेर पिंपळाच्या वाळक्या फांदीवर तांबट बसला होता, टुक टुक करत. मला वाटायचं ह्या वयात असं झाडांकडे तोंड वासून बघणारी मी एकटीच वेडी. शेजारी बघते तर हातात ओटीचं ताट घेऊन तुम्ही. "ढोलीत पिलं असतील हो," म्हणालात. एवढीच आपली ओळख झाली. आत भटजी मुहूर्त टळेल म्हणून ओरडत होते.

त्यानंतर लग्न झालं, पोरं नोकरीसाठी नैरोबीला गेली, आणि आपण दोघी खडवलीला जायला लागलो. तुम्ही ठाण्याहून गाडी पकडायची, मी डोंबिवलीला चढायचं, नदीवर उतरायचं, आणि डबा संपेपर्यंत पक्षी बघायचे. पहिल्याच खेपेला वादावादी झाली. मी ओरडले, "स्वर्गीय नर्तक गेला बघा! पांढरीशुभ्र शेपटी, ही एवढी लांब!"

"मला नाही दिसला," तुम्ही म्हणालात.

"अहो आत्ता गेला, नाकासमोरून."

"गेला असेल. मला नाही दिसला, तर मी हो कशी म्हणू?"

मुलाच्या आईला तोंडावर 'नाही' म्हणणारी मुलीची आई मी पहिल्यांदाच बघत होते. मी चांगली फुगले. आमच्याकडे अजून वरमाईचा पाट उचलला नव्हता हो! लग्नात मला दिलेल्या साडीच्या रंगावरून मी दोन दिवस तोंड पाडून होते, ते तुम्ही विसरला नसणार. पण येताना स्टेशनच्या बाकावर बसून तोडगा तुम्हीच काढलात. दोघींनी बघितला तरच हिशेबात धरायचा. एकीलाच दिसला तर तो झाडावर राहू दे, घरी आणायचा नाही.

मला तो नियम आवडला. पाळलाही मी. येऊरला धनेश गेला माझ्या डोक्यावरून, एवढी मोठी चोच घेऊन, आणि तुम्ही ओढ्यात गेलेली चप्पल काढत होतात. सोडून दिला मी तो. अजून जीव हळहळतो. पण नाही म्हणजे नाही.

आणि मग ती आफ्रिका. पोरांनी परस्पर ठरवलं की दोन्ही आयांना सफारीला पाठवायचं. आपल्याला वाटलं, जीपमध्ये बसायचं आणि संध्याकाळी हॉटेलात उतरायचं. बघतो तर हा धिप्पाड ट्रक, चढायला लोखंडी पायऱ्या, आत एसटीसारख्या सीटा, आणि पोटात सगळ्यांचे तंबू. रोज नवा मुक्काम, आपला तंबू आपण ठोकायचा, पाळीपाळीने कांदे चिरायचे. भांडी धुतली की पुसायला फडकं नाही. ताटल्या हातात धरून हवेत हलवायच्या, वाळेपर्यंत! पहिल्या दिवशी ती गोरी पोरं गोल करून दोन्ही हात फडफडवत होती आणि तुम्ही मला हळूच विचारलंत, "हे कुठले पक्षी हो?" मी इतकी हसले की ताटली पडली.

सगळ्यांना सिंह हवा होता. आपल्याला पक्षी. एकदा सगळा ट्रक डावीकडे वाकून बिबट्या बघत होता आणि मी उजवीकडे तोंड करून तुम्हाला टिटवी दाखवत होते. जोसेफने, म्हणजे आपल्या ड्रायव्हरने, कपाळाला हात लावला. "मामा! लेपर्ड!" तिकडे आईला मामा म्हणतात, आपण दोघी दहा वेळा हसलो असू त्यावरून. मी त्याला मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, बाबा रे, बिबट्या आमच्या ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतो, ही टिटवी येत नाही. बिबट्या गेला निघून. आपल्याला शेपूटसुद्धा दिसलं नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता विचार करते, तुम्हाला ती टिटवी तरी दिसली होती का?

कारण आता सगळंच उलटं आठवतंय. मी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात जन्म घालवलेली बाई, माझा आवाज तुम्हाला ठाऊक. पक्षी दिसला की मी त्याचं साग्रसंगीत वर्णन करायची, पुढच्या सीटवरचे लोक 'शू शू' करेपर्यंत.

"बघा बघा, त्या काटेरी फांदीवर! डोकं काळं, छाती निळी, चमकतेय नुसती."

"काठ कसला आहे?" तुम्ही विचारायचात.

"पांढरा. बारीक."

"आणि पदर?"

"केशरी. अख्खं पोट केशरी."

मग जरा थांबून तुम्ही म्हणायचात, "हो, दिसली. साळुंकीच ती, पैठणी नेसलेली." आणि आपण ती धरायचो.

असे सगळे पक्षी आपण साड्यांवरून धरले. जांभळ्या छातीचा तो नीलपंख म्हणजे लग्नघरातली भरजरी साडी. गवतातून लांब लांब टांगा टाकत जाणारा, काळी अर्धी चड्डी घातलेला तो मोठा पक्षी तेवढा साडीत बसेना, मग त्याला शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर केला. मला वाटायचं, तुमची धंद्याची सवय. घरातून साड्या विकल्यात, जन्मभर फॉल लावलेत, तुम्हाला काठपदर दिसणारच. फॉल लावायचं बंद केलंत तेव्हा हात दुखतात म्हणून सांगितलं होतंत. हात दुखत होते की डोळे?

तंबूच्या दोरीला रोज अडखळायचात. मी ओरडायचे, "खाली बघून चाला हो!" ट्रकमध्ये खिडकी कायम मला द्यायचात. "तुम्ही बसा, मला वारा लागतो." मी बसले. मला वाटलं, मुलीची आई आहे, मान देतेय. आणि इथेच माझं डोकं फिरतं, विहीणबाई. तुमचं ते 'हो, दिसली' म्हणजे नक्की काय होतं? खडवलीला मला तोंडावर नाही म्हणणारी बाई आफ्रिकेत अचानक सगळ्याला हो म्हणायला लागली. मन मोडायला नको म्हणून? मुलाची आई म्हणून? मला एवढंच कळायला हवंय, त्या ट्रकमध्ये आपण दोघी होतो की मी एकटीच होते? कारण नियम लावायचा म्हटला तर एकही पक्षी घरी आला नाही. सगळे तिथेच झाडांवर राहिले.

मी हे मुग्धाला बोलले. ती म्हणाली, "असं काय करताय? आई मला नेटवर्क मिळेल तिथून फोन करायची आणि सगळे पक्षी सांगायची. काठपदरासकट. मलाच प्रश्न पडायचा, हिला दिसत नाही तर एवढं कसं माहीत? विचारलं तर म्हणाली, तुझ्या सासूबाई आहेत ना."

हे ऐकून बरं वाटलं की आणखी वाईट, ते मला अजून ठरवता येत नाहीये.

बरं, तेही एक वेळ सोडते. बाकी सगळ्यांचं मी काहीतरी समाधान करून घेईन. पण तो नदीवरचा?

शेवटचा मुक्काम होता, नदीच्या काठाला. सकाळी सगळे तंबू गुंडाळत होते आणि मी दात घासत झाडीपाशी गेले. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन माझ्या मागे. तुमची दुर्बीण तंबूत, माझी गळ्यात होती पण तिला हात लावायची गरज पडली नाही, इतका तो जवळ होता. माझ्या तोंडात ब्रश, फेस. मी नुसता तुमचा दंड धरला. किती वेळ उभ्या होतो देव जाणे. मग तो उडाला. मी तोंड धुवायच्या आत तुम्ही म्हणालात, "दिसला."

काठ विचारला नाहीत. पदर विचारला नाहीत. नुसतं, दिसला.

मी चूळ भरली आणि म्हटलं, "कसा होता सांगा."

"छान होता."

"छान म्हणजे? रंग कुठला?"

"तुम्ही बघितलात ना? मग झालं तर."

"झालं कसं? नियम काय आहे आपला? चोच कसली होती?"

"अहो, छान होता म्हटलं ना!" तुमचा आवाज चढला. पहिल्यांदा आणि शेवटचं. मी ट्रकमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. जेवायच्या वेळेपर्यंत बोलले नाही. मग तुम्ही संत्रं सोललंत, अर्धं माझ्या मांडीवर ठेवलंत आणि मी खाल्लं. पण भांडण काही मिटलं नाही. बारशाला, वाढदिवसाला, हळदीकुंकवाला, जिथे भेटू तिथे मी खुसपट काढायचे, "तो नदीवरचा कसा होता हो?" आणि तुम्ही पुरणपोळी वाढता वाढता, "छान होता." आजूबाजूच्या बायकांना वाटायचं एखाद्या स्थळाबद्दल बोलतोय.

मी मुग्धाला विचारलं, "त्याच्याबद्दल काही म्हणाली होती?" तिने आठवून आठवून सांगितलं, "एक सगळ्यात छान दिसला, असं म्हणालेली. कसा, ते काही बोलली नाही."

आता सांगा मी काय समजू? एक, तो खरंच जवळ होता, तेव्हा तुम्हालाही दिसला असेल. मग रंग का नाही सांगितलात? दोन, काहीच दिसलं नाही आणि माझ्यासाठी खोटं बोललात. मग मुग्धाला का सांगितलंत? तिला तर खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. आणि तिसरं मला काल भांडी घासताना सुचलं. मी दंड धरला तेव्हा तुम्ही झाडाकडे बघत होतात की माझ्याकडे? मी आठवायचा प्रयत्न करते, तर तुमचा चेहरा मला समोरून आठवतो. समोरून कसा आठवेल, तुम्ही झाडाकडे बघत असाल तर? पण मी तरी तुमच्याकडे कधी बघितलं? मी तर पक्ष्याकडे बघत होते. का हे सगळं मी आता माझ्या मनाने रचतेय? काही कळत नाही हो. आधी एवढं रडून माणसाचं डोकं साफ व्हायला हवं, तर ते आणखीनच चिखल झालंय.

आफ्रिकेहून आल्यावर तुमचं ऑपरेशन झालं. मी शिरा घेऊन आले होते. मला वाटलं, वयोमानाने होतं सगळ्यांना, नवीनच उपटलं असेल. नंतर खडवलीला गेलो तेव्हा पुलाखाली तारेवर खंड्या बसला होता. तुम्ही माझा हात घट्ट धरलात. "अहो, एवढा निळा असतो?"

"जसा काही पहिल्यांदाच बघताय!" मी खेकसले.

तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मी म्हटलं, नवीन डोळे आहेत, पाणी पुसू नका, चोळू नका, डॉक्टर रागावतील. त्या दिवशी काठ विचारला नाहीत तुम्ही, पुढे कधीच विचारला नाहीत. मलाच चुकल्यासारखं व्हायचं. सवयीने मी अर्धं वर्णन करायची आणि तुम्ही म्हणायचात, "दिसला हो दिसला, किती ओरडाल!" त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग निदान तोंडावर भांडता तरी आलं असतं. भांडून झाल्यावर आभारही मानता आले असते. डोळे गेलेले असताना, रोज दोरीत अडखळत, तंबूत गारठत तुम्ही माझ्याबरोबर आलात, हे मला तुमच्या पाठीमागे तुमच्या लेकीकडून कळावं? दिवाळी झाली की खडवलीला जायचं ठरवून शेवटचा फोन ठेवलात ना? तेव्हा बोलायचं होतं. काय बिघडलं असतं?

असो. आज पुन्हा वर्तकनगरला आले होते. दुपारी मुग्धा तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीला पाणी घालत होती. त्या कुंडीची माती तुम्ही शेवटची उकरलेली, हातखुरपं तसंच खोचलेलं. ते बघितलं आणि तिचा बांध फुटला. मी मागून जाऊन उभी राहिले. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कधीच जमलं नाही, ते खातं तुमचं. आणि तेवढ्यात शिंजीर आला, बोटभर, फुलाला उलटा लटकला.

"मुग्धा, हलू नकोस. शिंजीर."

"कुठे?" तिचे डोळे गच्च भरलेले, नाक लाल. "मला काही दिसत नाहीये."

"डाव्या फुलावर. पाठ विटकरी आहे. गळा जांभळा, ऊन पडलं की चमकतो. आणि पोट पिवळं, हळदीच्या साडीसारखं. चोच वाकडी, सुईसारखी, आत घातलीय बघ."

ती त्या दिशेला बघत राहिली. शिंजीर केव्हाच उडून शेजारच्या इमारतीकडे गेला होता. फूल तेवढं हलत होतं.

"हो," ती म्हणाली. "दिसला."

आणि ती हसली, विहीणबाई. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला पोटाचा रंग विचारला नाही. चोच विचारली नाही. धरला मी तो.

म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले. माझा गोंधळ काही सुटलेला नाही, तुम्हाला नियम मोडल्याबद्दल माफही केलेलं नाही, ते आपण समोरासमोर बघू. पण त्या सकाळी माझ्या तोंडात ब्रश होता आणि तुम्हाला सांगायचं राहिलं. इतकी वर्षं तुम्हालाच विचारत राहिले, कसा होता, कसा होता. मी कधी सांगितलंच नाही. तेव्हा आता ऐका.

नदीच्या बाजूला जाड झाड होतं, त्याच्या आडव्या फांदीवर, आपल्या डोक्याच्या जरा वर. आधी आपल्याकडे पाठ करून बसला होता. पाठ हिरवी. नव्या पोपटी पानाची नव्हे, ओल्या शेवाळाची हिरवी, वर सोनेरी झाक, तुमच्याकडच्या त्या धूपछाँव साडीची असायची तशी. पानांत पान होऊन बसला होता. मग वळला. गळा हिरवाच, आणि छातीखाली सगळं पोट लाल. कुंकवाचा लाल नाही, त्याच्याहून गडद, शालूचा. चोच पिवळी, आखूड. शेपूट लांब, खालून पांढरी. काठ नाही हो. हिरवं जिथे संपतं तिथे थेट लाल सुरू. कुठे घाई नाही, मान जरा वाकडी करून आपल्या दोघींकडे बघत होता.

तेव्हा दिसला असेल तर ताडून बघा. नसेल दिसला, तर आता तरी बघा.